आकडे आणि बाहू

ऑक्टोबर महिन्याची 27 तारीख आपल्याकडे कोणाच्या विशेष लक्षात राहावी असे काही कारण नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात मात्र याच तारखेला, एकोणतीस वर्षांच्या अंतराने, दोन असे सामने झाले की ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत आणि मधल्या काळात त्या खेळाचे काय झाले ते उमगावे.

पहिला सामना 1991 सालचा. ‘वर्ल्ड सीरीज’ ही त्या खेळातील वर्षाअखेरची अजिंक्यपदाची मालिका. तिचा सातवा आणि निर्णायक सामना मिनिॲपोलिस येथे चालू होता. मिनेसोटा ट्विन्स या संघाच्या वतीने चेंडू टाकत होता जॅक मॉरिस. वय छत्तीस. नऊ डाव संपले, तरी दोन्ही संघांच्या नावावर एकही धाव नव्हती. आता त्याला विश्रांती द्यावी असे संघाच्या व्यवस्थापकाच्या मनात होते. मॉरिसने ते मानले नाही. तो दहावा डाव टाकण्यासाठी पुन्हा मैदानात गेला, त्या डावातही त्याने प्रतिपक्षाला धाव मिळू दिली नाही, आणि मग त्याच्या संघाने एकुलती एक धाव काढून सामना आणि अजिंक्यपद दोन्ही जिंकले.

दुसरा सामना 2020 सालचा, टेक्सासमधील आर्लिंग्टन येथला. मालिका तीच, सामना सहावा. टँपा बे रेज या संघाचा ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्स संघाविरुद्ध चेंडू टाकत होता. सहावा डाव चालू होता. त्याने नऊ फलंदाजांना चेंडूला बॅट लावण्याची संधी न देता परत धाडले होते, आणि त्याचा संघ 1-0 असा पुढे होता. डॉजर्सचे पहिले तीन फलंदाज त्याच्यापुढे दोन दोनदा येऊन सहाही वेळा तसेच परतले होते. त्याने तोवर अवघे 73 चेंडू टाकले होते. एवढ्यात एका फलंदाजाने साधा फटका मारून पहिला बेस गाठला, आणि व्यवस्थापक मैदानात चालत आला. त्याने स्नेलच्या हातून चेंडू घेतला आणि दुसऱ्याला दिला. त्या डावातच डॉजर्सनी दोन धावा काढल्या, पुढे आणखी एक काढली, आणि 3-1 असा सामना जिंकून अजिंक्यपद नेले.

एकाने चेंडू सोडला नाही. दुसऱ्याच्या हातून तो काढून घेतला गेला. या दोन रात्रींच्या दरम्यान माणसांचे धैर्य कमी झाले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. धैर्य होते तेवढेच होते. बदलले होते ते आकड्यांचे गणित. आणि त्या गणिताचीच गोष्ट आज आपल्याला सांगावी असा माझा विचार आहे.

आपण क्रिकेटच्या देशातील माणसे. म्हणून प्रथम या खेळाची दोन शब्दांत ओळख करून देणे अवश्य आहे. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. त्यातला गोलंदाज म्हणजे ‘पिचर’. तो मातीच्या एका बुटक्या उंचवट्यावर उभा राहून 60 फूट 6 इंचांवरील फलंदाजाकडे चेंडू टाकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही आणि हात वाकवायला बंदी नाही. फलंदाज तीनदा चुकला की बाद होतो, त्याला ‘स्ट्राइकआउट’ म्हणतात. उलट पिचरने चार चेंडू भलतीकडे टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. तीन फलंदाज बाद झाले की डाव संपला. असे प्रत्येक संघाचे नऊ डाव. क्रिकेटपेक्षा निराळी गोष्ट ही की येथे षटके नाहीत. जो पिचर सामन्याचा आरंभ करतो तोच एकामागून एक डाव टाकत राहतो, आणि एकदा त्याला काढले की त्या सामन्यात तो पुन्हा खेळू शकत नाही. त्यामुळे आरंभीच्या पिचरला केव्हा काढावे हा या खेळातील सर्वांत कठीण प्रश्न होऊन बसला आहे. प्रतिपक्षाचे सत्तावीस फलंदाज त्याने एकट्याने बाद केले, तर त्याच्या नावावर ‘पूर्ण सामना’ लागतो. हा शब्द आपण ध्यानात ठेवू. पुढे तो पुनःपुन्हा येणार आहे.

या खेळाला आकड्यांचे वेड लावले ते एका क्रिकेटप्रेमी माणसाने, ही गोष्ट आपल्याला गमतीची वाटेल. हेन्री चॅडविक हा 1824 मध्ये इंग्लंडातील एक्सटर येथे जन्मला, लहानपणी अमेरिकेत गेला आणि तेथे वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांची वृत्ते लिहू लागला. पुढे त्याचे मन बेसबॉलवर जडले. क्रिकेटचा धावफलक त्याला पाठ होता. त्याच धर्तीवर 1859 च्या सुमारास त्याने बेसबॉलच्या सामन्याचा तक्ता छापायला घेतला. पिचरच्या माथी कोणत्या धावा माराव्यात आणि कोणत्या क्षेत्ररक्षकांच्या चुकीमुळे झाल्या म्हणून सोडून द्याव्यात, हा विवेकही त्याच्याच विचारांतून आला. त्यातून पुढे पिचरची धावसरासरी निघाली. त्याच्या दोषामुळे झालेल्या धावांना नवाने गुणायचे आणि त्याने टाकलेल्या डावांनी भागायचे; म्हणजे नऊ डावांमागे तो किती धावा देतो ते समजते. अमेरिकेतील दोन प्रमुख लीगांनी अनुक्रमे 1912 आणि 1913 मध्ये ही सरासरी अधिकृत रीतीने नोंदायला सुरुवात केली. आकडा जितका लहान तितका पिचर थोर.

त्या जुन्या काळातील आकडे आज वाचले तर ते पुराणातले वाटतात. साय यंग हा पिचर 1890 पासून 1911 पर्यंत खेळला; त्याच्या नावावर 511 विजय आणि 749 पूर्ण सामने आहेत. एड वॉल्श याने 1908 च्या एका मोसमात 464 डाव टाकले आणि 40 सामने जिंकले. 1904 साली सुरू झालेल्या शंभर सामन्यांपैकी पंच्याऐंशीहून अधिक सामने ज्याने सुरू केले त्यानेच संपवले. पिचर म्हणजे शेताचा धनी; नांगरणीही त्याचीच आणि मळणीही त्याचीच.

ही माणसे पोलादाची होती काय? नव्हती. त्या काळचा चेंडू मऊ पडलेला, मळलेला असे. एकच चेंडू डावामागून डाव वापरीत. सीमेपार फटके क्वचित बसत. त्यामुळे प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकण्याचे कारणच नव्हते. त्या काळचा थोर पिचर क्रिस्टी मॅथ्युसन याच्या नावाने 1912 मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध झाले. बिकट प्रसंगी पिचरने काय करावे हा त्याच्या नावातलाच विषय. आपली खरी शक्ती राखून ठेवावी आणि बेसवर माणसे उभी राहिली म्हणजे ती बाहेर काढावी, अशी ती नीती होती. दूरच्या प्रवासाला निघालेला माणूस धावत सुटत नाही, हेच त्या मोठमोठ्या आकड्यांचे रहस्य.

आणि येथे संख्याशास्त्राचा एक इशारा मनाशी बाळगला पाहिजे. साय यंगचे 749 पूर्ण सामने आपल्याला दिसतात, कारण तो टिकला. जे टिकले नाहीत त्यांचे रकाने लवकर संपले, आणि संपलेल्या रकान्याकडे कोणी पाहत नाही. त्याच एड वॉल्शची पुढची हकीकत ऐका. 1912 मध्ये त्याने 27 सामने जिंकले. त्यानंतरच्या सर्व वर्षांत मिळून 13. त्याचा हात गेला होता. जो वुड याने त्याच 1912 साली बोस्टनसाठी 34 सामने जिंकले आणि केवळ 5 गमावले. त्यानंतरच्या वर्षी दुखापतींनी त्याला गाठले, आणि शेवटी पिचरपण सोडून तो क्षेत्ररक्षक आणि फलंदाज म्हणून खेळला. म्हणजे ‘पूर्वीच्या पिचरांचे हात दुखत नसत’ हे खरे नव्हे. दुखत होते; ते मोजण्याचा रकाना नव्हता, एवढेच.

1920 साल हे या इतिहासातले पहिले मोठे वळण. त्या वर्षाच्या आरंभी चेंडूला थुंकी वा तत्सम पदार्थ लावण्यावर बंधन आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रे चॅपमन या खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागून त्याचा अंत झाला, आणि त्यानंतर मळलेला चेंडू वारंवार बदलण्याची रीत पडली. फलंदाजाला चेंडू स्पष्ट दिसू लागला. बेब रूथने त्या वर्षी 54 वेळा चेंडू सीमेपार धाडला. आता कोणत्याही क्षणी कोणताही फलंदाज एका फटक्यात धाव काढील, ही भीती पिचरच्या उशाशी येऊन बसली. आणि शक्ती राखून ठेवण्याची चैन संपली.

तरीही पूर्ण सामन्याचा मान पुष्कळ काळ टिकून राहिला. 2 जुलै 1963 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे हुआन मारिशाल आणि वॉरन स्पॅन हे दोन पिचर समोरासमोर आले. मारिशाल पंचविशीचा, स्पॅन बेचाळीस वर्षांचा. पंधरा डाव झाले, धाव नाही. सोळाव्या डावात विली मेज याने स्पॅनचा चेंडू सीमेपार मारला आणि सामना 1-0 असा संपला. दोघांनीही आपापल्या बाजूचे शेवटपर्यंतचे सर्व चेंडू स्वतः टाकले होते. प्रत्येकी दोनशेहून अधिक. आज असा सामना कोणी व्यवस्थापक होऊ देणार नाही.

1968 हे वर्ष तर पिचरांचेच वर्ष म्हणून ओळखले जाते. सेंट लुई कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने त्या मोसमात 304 डाव टाकून त्याच्या नावे लागणाऱ्या अशा 38 धावा दिल्या. सरासरी पडली 1.12. त्याने 28 पूर्ण सामने टाकले आणि त्यांपैकी 13 सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव काढू दिली नाही. फलंदाजांची इतकी दैना झाली की 1969 पासून नियम बदलावे लागले. पिचरचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला आणि ज्या चौकटीतून गेलेला चेंडू योग्य समजायचा ती चौकट लहान केली. एखाद्या खेळाने आपल्या कारागिरांच्या पायाखालची माती काढून घ्यावी, असेच ते झाले.

आता प्रश्न येतो तो तुलनेचा. गिब्सनचा 1.12 हा आकडा मोठा की 2000 साली बोस्टनच्या पेड्रो मार्टिनेझने काढलेला 1.74 हा? वरवर पाहता उत्तर उघड आहे. परंतु गिब्सनच्या लीगची त्या वर्षीची एकूण सरासरी 2.99 होती, तर मार्टिनेझच्या लीगची 4.91. म्हणजे इतर पिचर शंभर धावा देत असता गिब्सनने साधारण 37 दिल्या आणि मार्टिनेझने साधारण 35. दुष्काळातील पायली आणि सुकाळातील पायली एकाच मापाने मोजू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खेळाच्या पंडितांना ते कळायला पुष्कळ वर्षे लागली.

याहून मोठी फसवणूक केली ती विजयांच्या आकड्याने. संघ जिंकला की विजय एका पिचरच्या नावावर, हरला की पराभव एका पिचरच्या नावावर, अशी जुनी रीत आहे. स्टीव्ह कार्लटनने 1972 साली 27 सामने जिंकले. त्याचा फिलाडेल्फियाचा संघ साऱ्या मोसमात केवळ 59 सामने जिंकू शकला होता. असा पराक्रम क्वचितच. याच्या उलट 1987 सालचा नोलन रायन पाहा. त्याच्या लीगमध्ये सर्वांत कमी सरासरी त्याची, 2.76, सर्वांत अधिक स्ट्राइकआउट त्याचे, 270, आणि त्याचे विजय 8, पराभव 16! संघाने त्याच्यासाठी धावाच काढल्या नाहीत, तो काय करणार? आपल्या बापू नाडकर्णींनी 1964 च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध 32 षटकांत केवळ 5 धावा दिल्या आणि लागोपाठ 21 षटके निर्धाव टाकली. बळींच्या रकान्यात मात्र शून्य. त्या शून्याकडे पाहून त्यांची किंमत करणारा माणूस ज्या चुकीचा धनी होईल, तीच चूक अमेरिकेत विजयांचे आकडे पाहणारे शंभर वर्षे करीत होते.

ही चूक हळूहळू सुधारली. दर वर्षीच्या उत्कृष्ट पिचरला साय यंगच्या नावाचे पारितोषिक 1956 पासून दिले जाते. ते 2010 मध्ये सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझला मिळाले, तेव्हा त्याचे विजय 13 आणि पराभव 12 होते. 2018 मध्ये न्यू यॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला ते मिळाले तेव्हा विजय 10, पराभव 9. सरासरी मात्र 1.70. आणि 2025 मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला मिळाले ते 10 विजय आणि 10 पराभवांवर. त्याची सरासरी 1.97 होती. न्याय उशिरा झाला, पण झाला. आकड्यांच्या अभ्यासाने माणसाला दिलेला हा न्याय आहे, हे विसरून चालणार नाही.

या अभ्यासाचे एक ठळक नाव बिल जेम्स. कॅन्सस राज्यातील एका कारखान्यात रात्रीचा पहारेकरी असलेला हा माणूस पहाऱ्याच्या निवांत वेळी बेसबॉलच्या तक्त्यांत डोके घालून बसे. 1977 मध्ये त्याने आपल्या अभ्यासाचे पहिले वार्षिक पुस्तक स्वतःच काढले. परंपरेने चालत आलेली विधाने आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहायची, ही दृष्टी त्याने हजारो वाचकांना दिली. त्या दृष्टीतून पुढे जो शोध लागला तो विलक्षण होता. 2001 च्या आरंभी व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने असे मांडले की फलंदाजाच्या बॅटला लागून चेंडू मैदानात गेला, की त्याचे पुढे काय होणार यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. असे दहा चेंडू मैदानात गेले तर साधारण तीन फलंदाजाच्या पथ्यावर पडतात. मग पिचर थोर असो वा सामान्य. पेड्रो मार्टिनेझच्याच बाबतीत हे प्रमाण 1999 मध्ये शेकडा 32 च्या आसपास होते आणि 2000 मध्ये शेकडा 24 च्या. हात तोच, कौशल्य तेच. फरक पुष्कळसा दैवाचा आणि क्षेत्ररक्षकांचा. पिचरच्या स्वतःच्या हातचे म्हणून जे उरते ते तीनच गोष्टींत: त्याने किती स्ट्राइकआउट केले, किती फलंदाजांना फुकट बेस दिले आणि किती चेंडू सीमेपार जाऊ दिले.

हा सिद्धान्त पुढे थोडाफार मुरडला गेला, पण त्याचा गाभा टिकला. श्रोतेहो, माझ्या मते या गोष्टीचा खरा सांधा येथे आहे. आजवर आकडे घडून गेलेल्या गोष्टीचा हिशेब सांगत होते. आता ते पुढे काय करावे याची आज्ञा देऊ लागले. स्ट्राइकआउट हेच जर पिचरचे निर्भेळ धन, तर तेच वाढवावे. चेंडू वेगाने टाकला आणि अधिक वळवला की स्ट्राइकआउट वाढतात. तर वेग वाढवावा. आणि प्रत्येक चेंडू सर्व शक्तीने टाकायचा तर माणूस नऊ डाव टिकणार नाही. तर त्याने पाचच टाकावेत, उरलेले ताज्या दमाच्या बदली पिचरांनी. प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे. परंतु पायऱ्या उतरून आपण कोठे पोहोचलो ते पाहू.

नऊ डावांमागे होणारे स्ट्राइकआउट 1920 नंतरच्या दशकात साधारण 3 होते, 1968 साली साधारण 6, आणि 2019 साली जवळजवळ 9. 2018 मध्ये तर या खेळाच्या इतिहासात प्रथमच असे झाले की साऱ्या मोसमातील यशस्वी फटक्यांपेक्षा स्ट्राइकआउटांची संख्या अधिक भरली. पिचरांच्या जलद चेंडूंचा सरासरी वेग 2008 साली ताशी 91.3 मैल होता, तो 2024 मध्ये 94.2 मैलांवर गेला. हा वेग किती मोलाचा ठरला याची साक्ष आपल्याच देशात मिळते. 2008 मध्ये एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन तरुण भालाफेकपटूंना केवळ चेंडूचा वेग आणि नेम पाहून अमेरिकेत नेण्यात आले, आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला. तोवर त्यांचा बेसबॉलशी काही संबंध नव्हता. ते खालच्या श्रेणीच्या लीगांत खेळले. बाहूतील वेगाला बाजारात भाव आल्याचीच ही खूण होती.

आता दुसरा रकाना. एका मोसमात 300 डाव टाकणारा शेवटचा पिचर म्हणजे 1980 सालचा स्टीव्ह कार्लटन. एका मोसमात 20 पूर्ण सामने टाकणारा शेवटचा म्हणजे 1986 सालचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला. 2018 मध्ये टँपा बे संघाने तर असा प्रयोग केला की सामना सुरू करणारा पिचर एखादाच डाव टाकून परततो आणि मग दुसरा येतो. 2024 च्या मोसमात तीस संघांत मिळून 200 किंवा अधिक डाव टाकणारे पिचर अवघे चार निघाले. आणि सुमारे 4,850 आरंभांपैकी पूर्ण सामने झाले 28. एके काळी शंभरात पंच्याऐंशीहून अधिक. आज दोनशेत एक किंवा दोन. आरंभीचा पिचर सरासरीने पाच डावांहून थोडे अधिक टाकतो आणि मैदानाबाहेर जातो. त्याचे काम डावागणिक धारदार होत गेले आणि त्याचा सामन्यातील वाटा निम्म्याजवळ येऊन ठेपला. पूर्वीच्या धन्याचा आता मजूर झाला. मात्र त्या मजुरीचा दर फार मोठा, हेही सांगितले पाहिजे.

काम कमी झाले, तर हात तरी सुरक्षित राहिला असेल, असे आपल्याला वाटेल. येथेच या कथेतील खरे दुःख आहे. सँडी कोफॅक्स हा डॉजर्सचा अद्वितीय पिचर 1966 मध्ये 323 डाव टाकून, 27 सामने जिंकून, त्याच वर्षी वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या कोपराच्या सांध्याला संधिवाताने ग्रासले होते. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातील दुसरा स्नायुरज्जू बसवला. टॉमी जॉन 1976 मध्ये पुन्हा मैदानात आला आणि त्यानंतर त्याने 164 सामने जिंकले. शल्यचिकित्सेतला तो एक चमत्कारच. आज ती शस्त्रक्रिया त्या पिचरच्याच नावाने ओळखली जाते. पण जो उपाय एके काळी विरळा होता तो आज नित्याचा झाला आहे. 2022 मध्ये मायामीच्या सँडी अल्कांताराने जुन्या पद्धतीने 228 डाव आणि 6 पूर्ण सामने टाकून साय यंग पारितोषिक मिळवले. पुढच्याच वर्षी त्याच्यावर तीच शस्त्रक्रिया झाली आणि 2024 चा सारा मोसम तो खेळू शकला नाही.

हा एकट्याचा प्रसंग नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये खुद्द मेजर लीगच्या चालकांनी पिचरांच्या दुखापतींवर अहवाल प्रसिद्ध केला. दुखापतीमुळे पिचरांना खेळातून बाजूला ठेवावे लागल्याच्या नोंदी 2005 मध्ये 212 होत्या; 2024 मध्ये त्या 485 झाल्या. कारणे कोणती? वेगाचा हव्यास, चेंडू अधिकाधिक वळवण्याची धडपड, आणि प्रत्येक चेंडूमागे सर्व शक्ती पणाला लावण्याची सवय. म्हणजे जे जे मोजले गेले ते ते वाढले. आणि जो मोजला गेला नाही तो कोपरातला बारीकसा तंतू झिजत राहिला. कोपर किती सोसते याचा आकडा तक्त्यात येतो तो तुटल्यानंतर.

आता पुन्हा 2020 च्या त्या रात्रीकडे जाऊ. स्नेलला काढणारा व्यवस्थापक मूर्ख नव्हता. फलंदाज एकाच पिचरला एका सामन्यात तिसऱ्यांदा सामोरे जातात तेव्हा त्यांना त्याचा अंदाज आलेला असतो आणि ते अधिक यशस्वी होतात, हे हजारो सामन्यांच्या आकड्यांवरून दिसून आले आहे. स्नेलपुढे फलंदाजांची रांग तिसऱ्यांदा सुरू होणार होती. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर होता, आणि एका सामन्याच्या निकालावरून तो चुकीचा ठरवणे हा संख्याशास्त्राचा अपमान होईल. नाणे हजार वेळा उडवण्याचा अनुभव आहे म्हणून या वेळी काय पडेल ते कोणी सांगू शकत नाही; तसेच या वेळी उलटे पडले म्हणून हजारांचा अनुभव खोटा ठरत नाही.

पण हेही तितकेच खरे की सरासरी ही अनेकांची असते आणि चेंडू एकाच्या हातात असतो. त्या रात्री त्या डाव्या हातात काय होते, ते हजार सामन्यांच्या सरासरीला ठाऊक नव्हते. समोर उभ्या असलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसत होते. आकडा डोळ्यांच्या मदतीला यावा, डोळ्यांच्या जागी बसू नये. शाळेतल्या मुलाचे गुण, कारखान्यातल्या कामगाराचा माल, रुग्णालयातल्या खाटांची संख्या, हे सारे मोजावेच लागते. मोजल्यावाचून न्याय होत नाही, हे आपण रायन आणि डीग्रॉम यांच्या उदाहरणांत पाहिले. परंतु ज्या दिवशी आपण मोजलेल्या गोष्टीसाठीच राबू लागतो त्या दिवशी न मोजलेल्या गोष्टीची किंमत कोणीतरी मुकाट्याने भरीत असतो.

हेन्री चॅडविकने तक्ता आखला तो पिचरला न्याय मिळावा म्हणून. दुसऱ्याच्या चुकीने झालेली धाव त्याच्या माथी येऊ नये म्हणून. त्या तक्त्यात आता दीडशेहून अधिक वर्षांनी आणखी एक रकाना हवा आहे. एखाद्या तरुण बाहूने आपल्याकडून किती मागितले जाते, आणि तो किती देऊ शकतो, याचा हिशेब त्या रकान्यात असावा. तो रकाना भरायला आकडे लागतीलच. पण तो आखायला मात्र, ज्याने पहिला तक्ता आखला त्याच्यासारखे, माणसाची काळजी वाहणारे मन लागेल.